अंजिराआत्याची एस्प्रेसो

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा शब्द त्याच्या आत्याचा. गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द होता, पण तो आत्यासमोर कोणी वापरत नसे, कारण आत्याच्या हातात कायम झारा असे. गावाचं नाव मी सांगत नाही. गावाने तशी हात जोडून विनंती केली आहे.

भाच्याचं नाव सुकदेव. वय लग्नाचं, मिशा भरघोस, अंगात बैलाची ताकद. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही त्याला कधी काम सांगितलेलं नाही.

आत्याचं नाव अंजिरा. हायवेच्या फाट्यावर तिचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, आणि मिसळ, डोसा, भजी, चहा. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं होतं, आणि भावाच्या माघारी त्याच्या या लेकालाही तिनेच वाढवलं होतं. पूर्वी तिथे एसट्या थांबत. मग एसटीचा थांबा पुढे हलला, आणि बाकड्यांवर गावातली रिकामटेकडी माणसं बसू लागली. ती एक चहा तिघांत पीत आणि देशाचे प्रश्न सोडवत. त्यात रस्त्याच्या पलीकडे ‘हॉटेल तुफान’ उघडलं. त्याच्याकडे जनरेटर होता आणि वर रात्रभर लाल-निळे दिवे लागत. आत्याकडे एकच दिवा होता, तोही देवापुढचा.

अशात एक दिवस रणपिसे साहेब आले. त्यांच्या बारा आरामगाड्या या रस्त्याने जात. साहेब नुकतेच सहलीबरोबर इटलीला जाऊन आले होते आणि येताना एक नाद घेऊन आले होते. एस्प्रेसो नावाची कॉफी. वाटी एवढीशी, कॉफी तिच्याही तळाशी, आणि कडू इतकी की पिणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. बघणाऱ्याला वाटतं, माणूस तल्लीन झाला.

साहेब म्हणाले, “येत्या गुरुवारी मी तुमच्याकडेही येतो आणि समोरच्याकडेही. जिथे मनासारखी एस्प्रेसो मिळेल, तिथे माझ्या गाड्या थांबतील. दाणे मी देतो. दळायचे तुम्ही.” आणि त्यांनी दोन्ही हॉटेलांत भाजलेल्या दाण्यांचा एकेक पुडा ठेवला.

आत्याने कानातली फुलं मोडली आणि शहरातल्या एका बंद पडलेल्या दुकानातून एस्प्रेसोचं जुनं यंत्र आणलं. गाड्या मिळाल्या नाहीत तर हॉटेलला कुलूप लावायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. यंत्र चांगलं होतं. फक्त त्याच्याबरोबर दाणे दळायचा ग्राइंडर नव्हता. तो घ्यायला हवा होता, आणि प्रश्न असा होता की विजेवरचा घ्यावा की हाताने फिरवायचा.

बाकड्यांवर चर्चा सुरू झाली. गावात कॉफी कोणी प्यायलेलीच नव्हती, त्यामुळे मत प्रत्येकाला होतं.

“विजेचा,” निवृत्त तलाठीआप्पा म्हणाले. “जग कुठं चाललंय!”

“हाताचा,” पैलवान म्हणाला. “दंड होत्यात.”

दोन तट पडले. दुपारपर्यंत तलाठीआप्पा आणि पैलवान एकमेकांशी बोलेनासे झाले. चहा मात्र दोघांनी आत्याच्याच नावावर घेतला.

आत्याने कंटाळून सुकदेवाला हाक मारली. तिला चुलीपुढून उठता येत नव्हतं आणि दुसरं कोणी नव्हतं. नाहीतर ती असं करती ना.

“सुकदेवा, शहरात जा. भांड्यांच्या दुकानात कापीचं ग्राइंडर मिळत्यात. दुकानदार काय सांगंल ते नीट ऐक आन् तसं कर.”

“बरं आत्या,” सुकदेव म्हणाला, आणि त्याने ते ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

दुकानदाराने दोन ग्राइंडर समोर ठेवले. “हा विजेचा. झटपट दळतो, पण आवाज करतो, आणि फार वेळ चालवला की दाणा तापतो. दाणा तापला की वास उडाला. हा हाताचा. दाणा गार राहतो, दळण एकसारखं पडतं, पण सावकाश. हात भरून येतो.”

“मग कंचा घिऊ?”

“ते तुमच्या गरजेवर आहे,” दुकानदार म्हणाला. त्याला स्वतःला माहीत नसलं की ते गिऱ्हाइकाच्या गरजेवर असे. “घाई नाही. घरी जा, शांतपणे विचार करा.”

सुकदेव घरी आला. बाकड्यावर बसला. डोळे मिटले.

“ग्राइंडर कुठाय?” आत्याने विचारलं.

“इचार करतोय.”

“कसला?”

“त्ये त्यानं सांगितलं न्हाई. शांतपणे कर म्हनला.”

आत्याने कपाळावर हात मारला. “आरं देवा! दुकानात गेलं की भाव करायचा असतो. त्यानं आकडा सांगितला की आपण निम्मा सांगायचा. त्यो उतरला की त्येच्याबी निम्मा. न्हाईच पटलं तर पायात चपला घालायच्या आन् चालू लागायचं. त्यो मागनं हाक मारतोयच.”

“बरं आत्या,” सुकदेव म्हणाला, आणि ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात गेला. दुकानदाराने आकडा सांगितला, सुकदेवाने निम्मा. दुकानदार उतरला, सुकदेव त्याच्याही निम्म्यावर. दुकानदाराने ‘एकच भाव’ अशी पाटी दाखवली. सुकदेवाला वाचता येत होतं, पण पाटीवर आकडा नव्हता, त्यामुळे निम्मा कशाचा करायचा ते त्याला कळेना. तो चपला घालून निघाला. दुकानदाराने हाक मारली. असं तीनदा झालं. शेवटी दुकानदाराने घाम पुसला आणि जवळचा विजेचा ग्राइंडर त्याच्या हातात कोंबून म्हणाला, “घेऊन जा. फक्त दाणा तापू देऊ नका, आणि पुन्हा येऊ नका.”

भाव ऐकून आत्याचे डोळेच भरून आले. “माझा गुणाचा भाचा! ह्ये तुला झ्याक जमतंय बघ.” सुकदेवाचं असं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. तो लाजला.

“आता मूठ-दोन मुठी दाणं दळून बघ,” आत्या म्हणाली आणि भजी तळायला वळली.

सुकदेवाने दाणे हातात घेतले. दाणा तापू द्यायचा नव्हता. त्याने दाणे माठातल्या गार पाण्यात बुडवले, चांगले निथळेपर्यंतही थांबला नाही, आणि तसेच ग्राइंडरात टाकून बटण दाबलं. ग्राइंडर एकदा खाकरला. मग फट् असा आवाज आला, धूर निघाला आणि हॉटेलचा इन्व्हर्टरही त्याच्याबरोबर गेला. दाणा मात्र तापला नाही.

आत्या धावत आली. तिने सगळं पाहिलं. बाकड्यावरून पैलवान म्हणाला, “मी म्हनलं हुतं, हाताचा.”

इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. दिवसा गावात वीज नसते, आणि हा इन्व्हर्टर एका वेळी एकच यंत्र ओढतो. एस्प्रेसोचं यंत्र चालवायचं असेल तर विजेचा ग्राइंडर तसाही चालला नसता. म्हणजे ज्या प्रश्नावर गाव दोन तटांत विभागलं होतं, त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून बाकड्याखालच्या बॅटरीत होतं. पण बाकड्याखाली वाकून बघायचं कोणाला सुचलं नाही, सगळे वर बसले होते.

“सुकदेवा,” आत्या म्हणाली, “दळणाला कधी पाणी लावत्यात व्हय रं? गिरणीत बघतोस न्हवं? दळाय टाकायचं त्ये आधी उन्हात घालून कडकडीत वाळवायचं. ओलं कधी टाकायचं न्हाई.”

“बरं आत्या,” सुकदेव म्हणाला, आणि ध्यानात ठेवलं.

बुधवारी सकाळी आत्या देवाला गेली होती. सुकदेव स्वयंपाकघरात गेला तर काय! डोशासाठी वाटायचे डाळ-तांदूळ पातेल्यात पाण्याखाली. ‘आत्यापण इसरती कदी कदी,’ तो स्वतःशी म्हणाला. त्याने पातेलं उचललं, पाणी काढून टाकलं आणि डाळ-तांदूळ पत्र्यावर पसरून कडकडीत उन्हात वाळवले. कावळ्यांनी जेवढे खाल्ले नाहीत तेवढे वाळले.

त्या दिवशी फाट्यावर डोसा मिळाला नाही. एका ट्रकवाल्याने तो समोर तुफानात जाऊन खाल्ला आणि परत येताना चांगला होता म्हणून सांगितलं. आत्याला ते फार लागलं.

“आरं मुडद्या, डोशाचं येगळं!” ती म्हणाली. “त्ये भिजवायचंच असतंय. भिजवायचं, वर घोंगडी घालायची, रातभर उबंला ठिवायचं. सकाळपत्तुर फुगून मऊ झालं की काम सोपं हुतंय.”

“बरं आत्या,” सुकदेव म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

आता हाताचा ग्राइंडर आणायचा होता. आत्याने त्यालाच पाठवलं, कारण भाव करणं तेवढं त्याला जमत होतं. जाताना तिने त्याला जवळ बोलावलं. “आन् हे बघ, भाव करायला लाजायचं न्हाई. समोरचा माणूस किती का मोठा असंना, आकडा निघाला की गप ऱ्हायचं न्हाई. अंजिराचा भाचा हाईस तू.”

दुकानदाराने सुकदेवाला लांबूनच पाहिलं. तो दुकानाची फळी ओढून घेत होता, पण उशीर झाला. संध्याकाळी सुकदेव हाताचा ग्राइंडर घेऊन आला. भाव असा की आत्याने दोनदा विचारून खात्री केली आणि मग त्याच्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“झ्याक!” ती म्हणाली. “आता नवं जातं आणलं की काय करत्यात ठावं हाय का? पयलं मूठभर दळून टाकून द्यायचं. नव्या पात्याची कचकच जाती. मग खायाचं दळायचं. उद्या साहेब आलं की ताजंच दळायचं, आधी न्हाई.”

“बरं आत्या.”

गुरुवार उजाडला. आत्या नवं लुगडं नेसली, यंत्र पुसलं, देवापुढे साखर ठेवली. मग तिने दाण्यांचा पुडा शोधला. पुडा हलका लागला. कोपऱ्यात घोंगडी होती. घोंगडीत पातेलं होतं. पातेल्यात पाणी होतं, आणि पाण्यात साहेबांचे भाजलेले दाणे रात्रभर उबेला बसून मऊ झाले होते.

“फुगलं न्हाईत जास्त,” सुकदेव काळजीने म्हणाला. “आजून येक रात ठिवावं लागंल.”

झारा शेजारीच होता, तरी आत्याने उचलला नाही. तिने पुडा उलटा करून झटकला. तळाशी अडकलेले मूठभर दाणे पडले. एका वाटीपुरते होते.

रस्त्यावर गाडी वाजली. साहेबांची पांढरी गाडी समोरच्या तुफानपुढे उभी राहिली. ते आधी तिकडे गेले होते.

आत्याने ती मूठ सुकदेवाच्या ओंजळीत दिली. “सुकदेवा, माझं आख्खं हाटेल या मुठीत हाय बाबा. साहेब तिकडनं हिकडं येतील. म्या यंत्र तापवते. तू मागं जाऊन येवढं बारीक दळून आण. दुसरं कायबी करू नगंस.”

सुकदेव मागच्या अंगणात गेला. त्याने दाणे ग्राइंडरात टाकले आणि दांडा फिरवला. अंगात ताकद होती, दळण झकास पडलं. बारीक, एकसारखं, गार. वास असा सुटला की तुफानचा आचारी बाहेर येऊन हुंगू लागला. सुकदेवाने ते सगळं उकिरड्यावर नेऊन झटकलं आणि रिकामा ग्राइंडर घेऊन आत्यापुढे आला.

“कचकच गेली,” तो म्हणाला. “आता कापीचं दाणं दे.”

आत्या मटकन खाली बसली. पदर डोळ्यांना लावून ती रडली. नवरा गेल्यावर तिला गावाने रडताना पाहिलं नव्हतं. बाकड्यावरच्या तलाठीआप्पांनी आणि पैलवानाने चहाचे पेले खाली ठेवले. सुकदेवालाही वाईट वाटलं. त्याने तिला पाणी आणून दिलं.

पाणी पिता पिता आत्याची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. डब्यात चिंचोके होते, पोरांना भाजून द्यायला ठेवलेले. ती उठली. तिने चिंचोके तव्यावर टाकले, काळेभोर होईतो भाजले, कुटून त्यांची टरफलं काढली, आणि देवाकडे एकदा बघून घेतलं.

“ह्ये दळ,” ती म्हणाली. “आन् आईक. साहेब काय बी इचारू देत, दाणं कुठलं, भाजलं कसं, तू त्वांड उघडायचं न्हाई. येक सबूद न्हाई.”

“बरं आत्या,” सुकदेव म्हणाला, आणि ध्यानात ठेवलं.

साहेब आले. बाकड्यावर बसले. आत्याने एवढीशी वाटी पुढे ठेवली. आत काळं काहीतरी होतं आणि वर चक्क फेसही होता. साहेबांनी आधी वास घेतला. मग घोट घेतला. मग डोळे मिटले.

तलाठीआप्पा आणि पैलवान माना पुढे काढून बघत होते.

“हाताने दळलेली,” साहेब डोळे मिटूनच म्हणाले. “लगेच कळतं. समोरच्याने विजेवर दळली. दाणा तापवला, मारून टाकला. ही जिवंत आहे.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “मातीचा वास आहे. किंचित आंबटपणा. इटलीत मला अशीच एकदा मिळाली होती, पण यापेक्षा डावी.”

दाण्यांचा पुडा साहेबांनीच दिलेला होता, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. माणसाने एकदा जाणकार व्हायचं ठरवलं की त्याला चिंचोकाही अडवू शकत नाही.

“दळलं कोणी?” साहेबांनी विचारलं. आत्याने सुकदेवाकडे बोट केलं. “वा! काय केलंस रे दाण्यांचं? सांग तरी.”

सुकदेवाने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

“गुपित!” साहेब खूश झाले. “सांगू नकोस. खरा कारागीर सांगत नाही. बाई, ठरलं. माझ्या गाड्या इथेच थांबणार.”

आत्याने हात जोडले. बोलणं पक्कं करताना आमच्याकडे नारळ हातात देतात, आणि नारळ आत देवापाशी होता. “साहेब, बसा, आलेच,” म्हणत ती आत गेली. नारळ सापडला, पण कुंकवाची डबी सापडेना.

बाहेर साहेब आणि सुकदेव दोघेच समोरासमोर राहिले. साहेबांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि मोठ्या मनाने म्हणाले, “बारा गाड्या आहेत माझ्या. बाराच्या बारा रोज इथे थांबतील.”

सुकदेवाने तोंडावरचे हात काढले. हा प्रश्न नव्हता. हा आकडा होता.

“सा,” तो म्हणाला.

साहेब हसले. “सहा? अरे, मी बारा म्हणतोय.”

“सा.”

आजवर हॉटेलवाले साहेबांच्या मागे मागे फिरत आले होते. गाड्या कमी करा म्हणणारा त्यांनी पहिलाच पाहिला. त्यांना वाटलं, अशी कॉफी करणाऱ्याला गर्दी आवडत नसेल. “बरं, दहा करू.”

“पाच.”

“आठ. आठ तर घ्या!”

“चार.”

साहेबांचा आवाज चढला. “अहो, मी तुम्हाला मान देतोय!” यात आकडा नव्हता, म्हणून सुकदेव गप्प बसला. मग तो शांतपणे उठला, पायात चपला घातल्या आणि चालू लागला. फाट्याच्या रस्त्याला लागलासुद्धा.

साहेब उभे राहिले. चिंचोक्याची चव अजून जिभेवर होती. “ओ!” त्यांनी मागून हाक मारली. “थांबा हो! निदान एक तरी!”

सुकदेव थांबला. आत्या म्हणाली होती, हाक येतेच. त्याचं तोंड आनंदाने फुललं. तो मागे वळला आणि छाती पुढे काढून म्हणाला, “अर्धी.”

साहेबांनी त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. मग ते गाडीत जाऊन बसले. गाडीने रस्ता ओलांडला.

आत्या बाहेर आली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कुंकवाची डबी. “साहेब कुठायत?”

“गेलं,” सुकदेव म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, अभिमानाचं. “आत्या, बारा सांगत हुतं. बारा! म्या येकबी लागू दिली न्हाई.”

पलीकडे तुफानचा मालक साहेबांच्या गळ्यात हार घालत होता आणि सारखा मान डोलावत होता. हातातला नारळ नेमका कुठे फोडावा, हे आत्याला हळूहळू उमगत होतं. सुकदेवाने मात्र रस्त्यापलीकडे पाहिलं आणि त्याला त्या मालकाची मनापासून कीव आली.

“बघ की आत्या, त्यो येडा,” तो म्हणाला. “भावच केला न्हाई त्यानं. बाराच्या बारा मारल्या त्येच्या गळ्यात.”